मिलानमधली खुर्ची आणि आमचा श्रावण

मिलानहून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपमध्ये मिस्त्रीकाकांना फोनवरचे फोटो दाखवत होते. चष्मा कपाळावर सरकवून, एकेक फोटो बोटांनी मोठा करून ते बघत होते. सोफे, जेवणाची टेबलं, दारांमागे दडलेली स्वयंपाकघरं. तीस-चाळीस फोटो झाले. मग फोन माझ्या हातात परत देत म्हणाले, "बाय, ह्या सगळा बरा दिसता. पण माका एक सांग, श्रावणात ह्येची काय गत होतली?"

आमचं वर्कशॉप वेंगुर्ल्याजवळ आहे, समुद्रापासून चालत पंधरा मिनिटांवर. वडिलांनी ते सुरू केलं, आता मी चालवते. दारं-खिडक्या, देव्हारे, झोपाळे, पलंग आणि अलीकडे मॉड्युलर किचनसुद्धा करतो. काकांचा प्रश्न मला विमानातच पडायला हवा होता, असं तेव्हा वाटून गेलं. त्यानंतर जो भेटेल तो "तिकडे नवीन काय आलंय?" असं विचारतो आणि मी उत्तर द्यायला लागले की गाडी काकांच्या प्रश्नावर येऊनच थांबते. म्हणून हा लेख. जगातलं सर्वांत मोठं फर्निचर प्रदर्शन कसं असतं, तिथे ट्रेंड म्हणतात तो कसा तयार होतो आणि कोकणात घर असलेल्या माणसाने त्यातलं काय घ्यावं, काय सोडावं, हे मला जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगते.

या प्रदर्शनाचं नाव सालोने देल मोबिले. इटालियन भाषेत मोबिले म्हणजे फर्निचर, शब्दशः हलवता येणारी वस्तू. १९६१ साली इटलीतल्या फर्निचर कारखानदारांनी परदेशी व्यापाऱ्यांना आपला माल दाखवायला ते सुरू केलं. दरवर्षी एप्रिलमध्ये मिलान शहरात भरतं. मी गेले ते २०२४ सालचं, १६ ते २१ एप्रिल. सुमारे दोन हजार कंपन्या होत्या आणि सहा दिवसांत ३ लाख ७० हजारांहून जास्त माणसं येऊन गेली. मेट्रोच्या लाल लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, की समोर एक किलोमीटरहून लांब काचेचं लाटांसारखं छत असलेला रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विमानांच्या हँगरएवढे हॉल. सम वर्षी स्वयंपाकघर आणि बाथरूमचे वेगळे विभाग असतात, विषम वर्षी दिव्यांचा.

आंगणेवाडीच्या जत्रेला जाणाऱ्याला गर्दीचं नवल नाही. पण एक साम्य मला फार जाणवलं. जत्रेत देवळातली रांग वेगळी आणि बाहेरचा बाजार वेगळा, तसंच तिथेही आहे. हॉलमधलं सालोने हा अधिकृत भाग. त्याच आठवड्यात शहरभर जुन्या वाड्यांत, बंद पडलेल्या गिरण्यांत, चौकांत शेकडो छोटी प्रदर्शनं लागतात, त्याला फुओरीसालोने म्हणतात. फुओरी म्हणजे बाहेर. पैशांचे सौदे आत होतात. कल्पना मात्र मला बाहेरच जास्त मिळाल्या.

हे सगळं मिलानमध्येच का, याचं उत्तर शहराच्या उत्तरेला आहे. तिथे ब्रिआंझा नावाचा टापू आहे. मेदा, कांतू, लिस्सोने ही त्यातली गावं. पिढ्यान् पिढ्या सुतारकामावर जगलेली. एक घर सांगाडा करतं, दुसरं पॉलिश करतं, तिसरं गादीकाम, चौथं फक्त ड्रॉवरचे भाग. मोठाल्या नावांच्या कंपन्या या घरांच्या आधारावर उभ्या राहिल्या. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं ओळीने बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल. कौशल्य एका माणसात नसतं, आळीत असतं.

आता ट्रेंड. आपल्याला वाटतं, कुणीतरी मोठा डिझायनर ठरवतो की यंदा गोल सोफे आणि जग मान डोलावतं. तसं होत नाही. कापड, फोम, लॅमिनेट, रंग पुरवणारे कारखाने मोजके आहेत आणि ते दोन-दोन वर्षं आधी माल ठरवतात. शंभर कंपन्यांनी त्याच कारखान्यांकडून कापड घेतलं की शंभर स्टॉलवर एकच विटकरी रंग दिसतो. त्याचे फोटो निघतात, मासिकांत आणि इन्स्टाग्रामवर जातात. काही महिन्यांत दिल्लीच्या कीर्तीनगरात आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात तसेच सोफे तयार होतात. तिथून कोल्हापूरच्या शोरूममध्ये आणि मग एक दिवस कुडाळला, गणपतीच्या आधीच्या सेलमध्ये.

या प्रवासात एक गोष्ट गळून जाते. फोटोत आकार येतो, आतलं काही येत नाही. सांधा कसा आहे, लाकूड किती वाळवलंय, फोम कुठला, स्क्रू कशाचा, हे फोटोत दिसत नाही म्हणून नक्कल करणारा ते आपल्या सोयीने बदलतो. शिवाय मूळ वस्तू ज्या अडचणीवर उपाय म्हणून जन्मली ती अडचण आपल्याकडे आहे की नाही, हे तर कुणीच विचारत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे.

गोल सोफ्यापासून सुरुवात करते, कारण सगळे तोच मागतात. जाड, बुटका, जमिनीला टेकलेला, कोपरे नसलेला आणि वर बुक्ले कापड, म्हणजे गाठीगाठींच्या धाग्याचं, मेंढीच्या लोकरीसारखं दिसणारं. हा आकार नवीन नाही. १९६०-७०च्या दशकात पॉलियुरेथेन फोम हाताशी आला आणि लाकडी सांगाड्याशिवाय नुसत्या फोमचे ढग बसायला करता येऊ लागले. मारिओ बेल्लिनीचा कामालेओंदा सोफा १९७०चा, तो २०२० साली पुन्हा बाजारात आला. आफ्रा आणि तोबिया स्कार्पा या जोडप्याचा सोरियाना १९६९चा, तोही परत आला. टाळेबंदीनंतर लोकांना घरात मऊ, कुशीत घेणारं काहीतरी हवं होतं आणि कंपन्यांच्या कपाटात जुनी रेखाटनं तयार होती.

मिलानमध्ये हिवाळ्यात थंडी, घरात हीटर, हवा कोरडी. तिथे लोकरीसारखं कापड शहाणपणाचं आहे. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर बसलेली असते. बुरशीला ७०-८० टक्क्यांच्या वर ओल मिळाली आणि हवा खेळली नाही, की ती वाढायला लागते. गाठींच्या कापडात ओल धरते, वाळू अडकते, आणि सोफा जमिनीला टेकलेला असला तर खालून वारा नाही आणि केरसुणीही जात नाही. मालवणच्या एका घरी मी असा सोफा ऑगस्टमध्ये भिंतीपासून ओढून बघितला आहे. मागचा कपडा हिरवट-काळा झाला होता आणि घरातल्या लहान मुलाला महिनाभर खोकला होता. सोफ्यामुळेच होता असं मी म्हणणार नाही, पण सोफा त्या आठवड्यात बाहेर गेला.

तरी त्याच सोफ्यात शिकण्यासारखं आहे आणि ते फोटोत दिसत नाही. कामालेओंदाची नवी आवृत्ती अशी केली आहे की तिचे भाग सुटे करता येतात: कापड वेगळं, आतलं भरण वेगळं, लाकूड वेगळं. पूर्वी हे सगळं एकमेकांना चिकटवलेलं असायचं. कोकणातल्या घराला हवा तो गुण हाच. उशी सुटी, खोळ सुटी, पाऊस उघडला की सगळं काढून अंगणात उन्हात. आमच्या आजीच्या झोपाळ्यावरची गादी अशीच असायची. तुम्हाला गोल सोफा हवाच असेल तर मिस्त्रीला तो चार इंची पायांवर उभा करायला सांगा, सुती किंवा जाड कॅनव्हासची चेन असलेली खोळ लावा आणि पाठ भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

स्वयंपाकघरांचं थोडक्यात सांगते. २०२४ हे स्वयंपाकघरांचं वर्ष होतं आणि सगळीकडे एकच सूर: स्वयंपाकघर दिसूच नये. उंच दारं सरकवली की ओटा, सिंक, ओव्हन सगळं भिंतीत गुडूप. काही ठिकाणी दगडी ओट्याच्या खालीच इंडक्शन होतं, वर शेगडीची खूणसुद्धा नाही. इंडक्शनमध्ये आच नसते. खाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यात वीज वेगाने उलटसुलट फिरते, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते लोखंडी भांड्याच्या बुडातच विजेचे भोवरे निर्माण करून भांडं तापवतं. मध्ये पातळ दगड असला तरी क्षेत्र आरपार जातं. पण अंतर वाढलं की जोर कमी होतो आणि ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा मातीचं बुडकुलं त्यावर तापतच नाही. ज्या घरात रोज बांगडे तळले जातात, खोबरं भाजलं जातं आणि वादळात दोन-दोन दिवस वीज नसते, तिथे हे बसणार नाही. शिवाय ओलं स्वयंपाकघर बंद दारांमागे कोंडणं म्हणजे झुरळांना आमंत्रण. वाफ आणि धूर वर जातात, त्यांना वर आणि बाहेर वाट द्या. जुन्या घरांत कौलांमध्ये धुरासाठी जागा ठेवायचे, ती पद्धत अगदी बरोबर होती.

आता ज्या गोष्टीसाठी मला तिकडे जायचं होतं, ती. लाकूड.

प्रदर्शनात लोक टेबलाचे वरून फोटो काढत होते. मी खाली वाकून बघत होते. एका स्टॉलवर अक्रोडाच्या लाकडाचं आठ माणसांचं टेबल होतं, वरची फळी अखंड, चार फूट रुंद. मी खालून हात फिरवला तर लोखंडी आडव्या पट्टीला स्क्रू होते, पण स्क्रूची भोकं गोल नव्हती, लांबट होती. फळीच्या रुंदीच्या दिशेने बोटाच्या पेराएवढी लांब खाच आणि स्क्रू तिच्या बरोबर मधोमध. स्टॉलवरचा म्हातारा माणूस माझ्याकडे आला, स्वतःही गुडघ्यावर बसला आणि हाताने उघडझाप करून दाखवलं: लाकूड श्वास घेतं. आमच्या दोघांची भाषा एक नव्हती, पण मला त्याहून जास्त काही विचारायचं नव्हतं.

हा श्वास काय आहे ते सांगते, कारण कोकणातल्या फर्निचरच्या निम्म्या तक्रारी इथेच सुरू होतात. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी समजा. ताज्या लाकडात नळ्यांच्या पोकळीतही पाणी असतं आणि नळ्यांच्या भिंतींतही. पोकळीतलं पाणी वाळलं तरी लाकडाचा आकार बदलत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांच्या खाली ओल गेली की भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि नळ्या बारीक होतात, लाकूड आकसतं. हवा दमट झाली की भिंती पाणी परत ओढतात आणि लाकूड फुगतं. हे कधीच थांबत नाही, शंभर वर्षं जुन्या दारातही नाही. पॉलिश त्याचा वेग कमी करतं, थांबवत नाही. नळ्या लांबीत जवळपास वाढत नाहीत, जाडीत वाढतात. म्हणून फळीची लांबी तशीच राहते आणि रुंदी बदलते.

युरोपात फर्निचरचं लाकूड भट्टीत ८ ते १० टक्के ओलीपर्यंत वाळवतात, कारण तिथल्या घरांत हिवाळ्यात हवा कोरडी असते. आपल्या पावसाळ्यात लाकूड हवेशी जुळवून घेत १८ टक्क्यांच्या आसपास जातं. सागाची फूटभर रुंद फळी, फळीचा काप कसा घेतलाय यावर अवलंबून, या फरकात पाचेक मिलिमीटर फुगू शकते. साग तरी स्थिर लाकूड मानतात. ती फळी दोन्ही बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळलेली असेल तर जोर कुठेतरी निघणारच. एक तर फळी वाकते, नाहीतर सांधा उघडतो, नाहीतर पुढच्या मेमध्ये पुन्हा आकसताना मधोमध चीर पडते.

आमच्या जुन्या मिस्त्रींना हे आकड्यांत माहीत नव्हतं, पण हाताला माहीत होतं. जुन्या घराचा दरवाजा नीट बघा. चौकट कुसू आणि खाच करून, म्हणजे एका लाकडाला जीभ काढून ती दुसऱ्याच्या खाचेत बसवून, जोडलेली असते आणि मधली फळी, जिला दिली म्हणतात, ती चौकटीच्या खोबणीत नुसती सरकवलेली असते, ना खिळा ना सरस. फळीला फुगायला दोन्ही बाजूंनी जागा. मिलानच्या त्या टेबलाखालची लांबट खाच आणि आमच्या आजोळच्या दाराची खोबण हे एकाच प्रश्नाचं एकच उत्तर आहे. हे मला तिथे गुडघ्यावर बसून कळलं, याचं मला अजून समाधान वाटतं.

मग मिस्त्रीला काय विचारायचं? लाकूड किती दिवस वाळवलंय आणि कुठे, हे पहिलं. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, दोन टाचण्या लाकडात टोचायच्या की आकडा दिसतो. कोकणातल्या घरासाठी १२ ते १४ टक्क्यांचं लाकूड मला बरं वाटतं. त्याहून कोरडं आणलं तर पावसात फार फुगेल, त्याहून ओलं घेतलं तर उन्हाळ्यात फाटेल. दुसरं, रुंद फळी कशी बसवली आहे. या दोन प्रश्नांना नीट उत्तर देणारा माणूस तुमचं काम बिघडवणार नाही.

अस्सल लाकूड परवडत नाही म्हणून लोक एमडीएफ आणि प्लायकडे जातात, ते मला पूर्ण समजतं. पण या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि लॅमिनेट चढवल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुगा नव्हे, त्याचे कापसासारखे तंतू, गोंद घालून दाबलेले. बहुतेक साध्या एमडीएफमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो आणि हा गोंद पाण्यापुढे टिकत नाही. कडेने एकदा पाणी शिरलं की तंतू फुगतात आणि परत कधीच बसत नाहीत. प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एक उभा, एक आडवा असे चिकटवलेले. एकाची वाढ दुसरा अडवतो, म्हणून प्लाय रुंदीत जवळपास फुगत नाही. त्यातही आयएस ७१० या भारतीय मानकाचं प्लाय घ्या. त्याचा गोंद फिनॉलचा असतो आणि चाचणीत ते ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवलं तरी पापुद्रे सुटता कामा नयेत.

माझ्या मावशीच्या घरी एका शोरूमने बसवलेलं किचन होतं, पाहुण्यांना दाखवण्यासारखं. पहिल्या पावसात सिंकखालच्या दाराची खालची कड बिस्किट चहात बुडवल्यासारखी फुलली. आम्ही दार काढलं तर आत एमडीएफ निघालं आणि खालच्या कडेला कड झाकायची पट्टीच लावलेली नव्हती, कारण ती कुणाला दिसत नाही. बिलावर "वॉटरप्रूफ बोर्ड" लिहिलेलं. मावशीने तीन वर्षं पैसे साठवले होते. म्हणून सांगते, प्लाय घेताना कापलेली कड बघा, शिक्का बघा, बिलावर आयएस क्रमांक लिहून घ्या आणि पट्टी चारही कडांना लावून घ्या, न दिसणाऱ्या कडेलासुद्धा.

स्क्रू आणि बिजागऱ्यांचं एक वाक्य. साधं स्टेनलेस स्टील, म्हणजे ३०४, खाऱ्या हवेत काही वर्षांत तपकिरी ठिपके धरतं. ३१६ या प्रकारात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो आणि तो मिठाला अडवतो. महाग आहे. समुद्र दिसत असेल तिथे घ्याच.

मिलानला पर्यावरणाबद्दलची बोलणी प्रत्येक स्टॉलवर ऐकू आली. त्यातली बरीच नुसती पाटीवरची होती, पण एक गोष्ट खरी आणि आपल्यावर येणारी आहे. युरोपियन युनियनने २०२३ साली कायदा केला की लाकूड आणि लाकडी फर्निचर त्यांच्या बाजारात आणायचं, तर ते झाड नक्की कुठल्या जमिनीवर वाढलं ते नकाशावरच्या बिंदूने दाखवावं लागेल आणि ती जमीन ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून मोकळी केलेली नसावी. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, पण दिशा ठरलेली आहे. कोकणात बहुतेक लाकूड मालकीच्या बागांतून येतं: उत्पन्न संपलेला रायवळ आंबा, वादळात पडलेला फणस, बांधावरचा साग. झाड कुणाच्या परड्यातलं, कधी तोडलं, कशासाठी, हे गावाला ठाऊक असतं. नुसतं लिहून ठेवायची सवय नाही. मी आता प्रत्येक ओंडक्याची वहीत नोंद करते: गाव, मालक, तारीख. परदेशी माल पाठवायची आमची ऐपत आज नाही. पण देव्हारा घ्यायला आलेल्या माणसाला "हा फणस तुळसच्या एका घराच्या मागचा, तौक्ते वादळात पडलेला" असं सांगितलं, की तो त्या लाकडाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

आणि आता ती खुर्ची.

प्रदर्शनातून एक दिवस सुट्टी काढून मी शहरातली शोरूम बघत फिरत होते. एका ठिकाणी सुपरलेज्जेरा ठेवली होती. जिओ पोंती या वास्तुविशारदाने काढलेली, कास्सिना कंपनी ती १९५७ पासून करते. नावाचा अर्थच अतिशय हलकी. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा, बसायला वेताची वीण, वजन सुमारे १ किलो ७०० ग्रॅम. आपल्याकडे तीन नारळ सोलून हातात घेतले तरी त्याहून फार कमी भरणार नाहीत. लहान मुलगा एका बोटावर ती उचलतोय, असं तिचं जुनं छायाचित्र प्रसिद्ध आहे. मला विचारून उचलू दिली. हाताला पहिल्यांदा कळतच नाही, जोर जास्त लागून खुर्ची वर उडते. मग पाय बघितला. गोल नाही, चौकोनी नाही, त्रिकोणी, जाडी १८ मिलिमीटर, माझ्या अंगठ्याहून बारीक. आडव्या काड्या पायात शिरतात तिथे फट शोधायला मी नख लावून बघितलं. सापडली नाही.

एवढी बारीक खुर्ची मोडत नाही कशी? जोर कुठे येतो हे ओळखून लाकूड तिथेच ठेवलं आहे आणि बाकीचं काढून टाकलं आहे. माणूस बसला की पाय बाहेर फाकायला बघतात, त्यांना आडव्या काड्या धरून ठेवतात. बसायची वीण चारही बाजूंनी चौकटीला आत ओढते. म्हणजे वीण नुसती बसायला नाही, तीही खुर्ची बांधून ठेवते. जड लाकडाने मजबुती येते असं आपण मानतो. इथे ती सांध्यातून येते.

पोंतीने ही कल्पना कुठून घेतली, ते कळलं तेव्हा मला राहवलं नाही. इटलीच्या समुद्रकाठी, लिगुरिया प्रांतात, कियावरी नावाचं गाव आहे. तिथल्या जुझेप्पे गाएतानो देस्काल्झी या कारागिराने १८०७ साली पॅरिसहून आलेली एक खुर्ची बघितली आणि तशीच, पण गावाजवळच्या लाकडांत, फार हलकी करून दाखवली. बसायला वाळुंजाच्या झाडाच्या पट्ट्यांची वीण. त्या गावात मग पिढ्यान् पिढ्या हेच काम चाललं. पोंती दीडशे वर्षांनी तिथे जाऊन तिचाच अभ्यास करून आला. कुडाळ-कणकवलीच्या मंगल कार्यालयांत हल्ली सोनेरी रंगाच्या, कांड्याकांड्यांच्या पाठीच्या ज्या खुर्च्या भाड्याने येतात, डेकोरेटर त्यांना "चिवारी" म्हणतात, ती याच कियावरीची प्लास्टिकमधली पणती. समुद्रकाठच्या एका गावातली सुताराची खुर्ची फिरत फिरत आपल्या लग्नाच्या मांडवात पोचली.

वेताचं तर याहून उलटं आहे. युरोपला वेताची वीण आशियातून जाणाऱ्या जहाजांनी सतराव्या शतकात शिकवली. मायकेल टोनेटने १८५९ साली बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर वाकवून १४ नंबरची खुर्ची केली, तिची बैठकही वेताची. ती सुटी करून एका घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या बसायच्या आणि जगभर जायच्या. त्या वर्षी हॉलमध्ये कपाटांच्या दारांपासून पलंगाच्या पाठीपर्यंत वेत होता आणि त्याला नवा ट्रेंड म्हणत होते. आमच्या वर्कशॉपच्या माळ्यावर वडिलांनी दुरुस्तीला घेतलेल्या आणि कुणी न्यायलाच न आलेल्या चार आरामखुर्च्या आहेत, पाठीची वीण फाटलेल्या.

वेताला दमट हवा आवडते, हे फार जणांना माहीत नसतं. विणायच्या आधी पट्ट्या पाण्यात भिजवतात, ओल्या असताना विणतात आणि वाळताना त्या आवळून ताठ होतात. एसीच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं राहिला की वेत ठिसूळ होऊन तुटतो. बैठक खोलगट झाली असेल तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळू द्या, पुष्कळदा परत ताणली जाते. वरून नको, वरची बाजू गुळगुळीत साल असते, ती पाणी घेत नाही. भोकांतून वारा जातो, म्हणून घाम आणि बुरशी दोन्ही कमी. पडवीत ठेवायला याहून चांगली वस्तू मी तरी बघितली नाही. बाहेरच्या फर्निचरच्या हॉलमध्ये ॲल्युमिनियमच्या चौकटीवर जाड दोरी विणलेल्या खुर्च्या होत्या आणि मला एकामागून एक काथ्याची बाज आठवत राहिली.

आल्यावर काकांबरोबर बसून एक खुर्ची काढली. सुपरलेज्जेराची नक्कल नाही, तेवढं बारीक काम आम्हाला जमायला वर्षं जातील. लाकूड फणसाचं, कारण ते आपल्याकडे आहे, रंग हळदीसारखा असतो आणि वर्षं जातील तसा मधासारखा होतो. पाठ आणि बैठक वेताची. सगळे सांधे कुसू-खाचेचे, एकही खिळा नाही. पहिली खुर्ची साडेतीन किलोची झाली. काकांनी मागच्या पायाची जाडी दोनदा कमी केली, दुसरी तीन किलोच्या खाली आली. तिसऱ्या वेळी पाठीची काडी फाटली, तेव्हा कुठे थांबायचं ते कळलं.

दुसरी खुर्ची मेअखेरीपासून पडवीत ठेवली आहे, जिथे झड येते तिथून चार पावलं आत. तिच्या शेजारी त्याच ओंडक्यातली फूटभर रुंद फळी भिंतीला टेकवून ठेवली. फळीवर काकांनी पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली आणि रुंदी लिहिली, ३०० मिलिमीटर. दर पंधरवड्याला ते पट्टी घेऊन मोजतात. आषाढात तिथे ३०२ लिहिलं गेलं. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी फळी मोजली, आकडा मला सांगितला नाही, आधी खुर्चीवर जाऊन बसले, दोन्ही बाजूंना अंग झुकवून कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "कुरकुरणा नाय हा. पुढच्या पावसापर्यंत हंयच रवांदे."